शेवरीसाठी घर

शेपटीच्या टोकापासून साडेतीन सेंटिमीटरवर केस नसलेली एक जागा होती. मंगळवारी ती चार मिलिमीटर लांब होती. शनिवारी सकाळी नऊ मिलिमीटर. खालची त्वचा गुलाबी आणि कोरडी. जखम नव्हती, खपली नव्हती. कडेचे केस मुळापासून गळलेले नव्हते, मधेच तुटलेले होते.

"कशानं मोजलंत?" डॉक्टर कुलगुड्यांनी विचारलं.

"व्हर्नियरनं."

"आणि ती स्वस्थ बसली?"

"झोपेत होती. दिवसा झोपलेलीच असते."

डॉक्टरांनी शेवरीला कापडी थैलीतून अलगद बाहेर घेतलं. मुठीत मावेल एवढा जीव. राखाडी पाठ, कपाळापासून कमरेपर्यंत एक काळी रेघ, तोंडाच्या मानानं फार मोठे डोळे, आणि पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत कातडीची एक घडी. ही घडी उघडली की ती कपाटावरून पडद्यापर्यंत तरंगत जाई. शुगर ग्लायडर हे नाव तेव्हा सांगलीत फारसं कुणी ऐकलेलं नव्हतं. आमच्या विश्रामबागच्या इमारतीत तिला सगळे 'दाभोळे मॅडमची खार' म्हणत, आणि ती खार नाही, कांगारूसारखं पोटाला पिशवी असलेल्या प्राण्यांपैकी आहे, हे सांगून मी थकले होते.

डॉक्टरांनी शेपूट भिंगाखाली धरली आणि सोडली.

"केस गळत नाहीयेत, मॅडम. ती ओढतेय. एकटी किती दिवस झाले?"

"बोंड्या गेला त्याला चार महिने आणि सहा दिवस."

"आज केस ओढतेय, उद्या चावेल. चावायला लागली की शेपूट काढावी लागते, आणि तिथेही ती थांबेल याची खात्री मी देणार नाही. पायापर्यंत गेलेली मी पाहिलीत. ही टोळीनं राहणारी जात. अंधारात जागी होते, हाका मारते, आणि कुणी ओ देत नाही."

"दुसरा आणला तर?"

"आणा की. पण नव्याची ओळख करून द्यायची म्हणजे पंधरा-वीस रात्री समोर बसायला पाहिजे. भांडले तर कान फाडतात एकमेकांचे. तुमचं पहिलं प्रॅक्टिकल कितीला?"

"सव्वासातला."

"झोपता कधी?"

"दहाला."

त्यांनी शेवरीला थैलीत सोडलं आणि थैली माझ्या हातात दिली. "मग ज्यांच्याकडे आधीपासून आहेत अशा घरात द्या. महिनाभर आहे तुमच्या हातात. त्यानंतर माझ्याकडे फक्त कात्री उरेल."

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली.

शेवरी आणि बोंड्या ही जोडी मी घाईनं आणली नव्हती. तेव्हा मी पीएचडीचा प्रबंध लिहीत होते आणि रात्री तीन-तीन वाजेपर्यंत जागी असे. तीन महिने मी वाचन केलं, घरातल्या खोल्यांची मापं घेतली, माझ्या दिवसाचं आणि रात्रीचं वेळापत्रक एका बाजूला आणि त्यांचं दुसऱ्या बाजूला असा तक्ता केला. दोन्ही जुळत होती. ते उठत तेव्हा मी लिहायला बसत असे, आणि मी झोपत असे तेव्हा तेही दमलेले असत. मग प्रबंध संपला, कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राची नोकरी मिळाली, आणि माझं वेळापत्रक एका आठवड्यात उलटं झालं. त्यांचं झालं नाही. तो तक्ता मात्र मी पुन्हा केला नाही.

डॉक्टरांकडून आले त्या रविवारी मी प्रश्नावली तयार केली. तेवीस प्रश्न. रात्री नऊ ते दोन या वेळात घरात कोण जागं असतं? मांजर आहे का? पंख्याला जाळी आहे का? गावाला गेलात तर मागे कोण बघतं? हा प्राणी बारा वर्षं जगतो; बारा वर्षांनी तुम्ही कुठे असाल?

आमच्या प्रयोगशाळेतल्या मालनताई काचेच्या बशा धुता धुता तो कागद वाचत होत्या. त्या माझ्याआधी वीस वर्षं त्या प्रयोगशाळेत होत्या, आणि शेवरी-बोंड्या ही नावं त्यांनीच ठेवलेली.

"बारा वर्षांनी कुठे असाल?" त्यांनी मोठ्यानं वाचलं. "मॅडम, हे तर देवालाबी सांगता यायचं नाही."

"अंदाज विचारलाय, मालनताई."

"तुमच्या लग्नाला स्थळं यायची तेव्हा असलाच कागद दिला होता काय ओ पोरांना?"

"तेव्हा अकराच प्रश्न होते."

"तरीच," त्या म्हणाल्या आणि बशी पालथी घातली.

पहिलं घर कोल्हापूरचं. एका कॉलेजकुमाराचं. त्याला शेवरीबरोबर व्हिडिओ करायचे होते. सहा गुण. दुसरं इस्लामपूरचं, माणसं भली, पण घरात दोन मांजरं. चार गुण. प्रत्येक वेळी मी थैली गळ्यात अडकवून परत येई, आणि खरं सांगायचं तर, बसच्या खिडकीशी बसले की मला हलकं वाटत असे.

तिसरं नाव डॉक्टरांनीच दिलं. मिरजेचे साळवे. नवरा दानिएल स्टेशनवर कामाला, बायको एस्तेर तिथल्याच एका दवाखान्यात स्टाफ नर्स, मूलबाळ नाही. त्यांच्याकडे तीन ग्लायडर होते. मी फोन केला, दानिएलनं उचलला.

"या की मॅडम. कधीबी या. आमी घरीच असतो दिवसा."

मी रविवारी गेले. दुपारी ठीक बारा वाजता.

बेल वाजवल्यावर दार उघडायला सात मिनिटं लागली. दारात बनियनवर एक उंच माणूस, डोळे अर्धे मिटलेले, गालावर उशीचा वळ.

"दाभोळे मॅडम," मी म्हटलं. "फोन केला होता."

"हां हां. या. आवाज जरा हळू करा, ती आत झोपलीय."

घरात काळोख होता. खिडक्यांना जाड पडदे, मोरीत न घासलेली भांडी, जेवणाच्या टेबलावर झाकलेलं ताट आणि शेजारी टोपी. कोपऱ्यात छताला टेकणारा पिंजरा होता, पण त्यावर जुनी चादर टाकलेली. चादरीच्या खालून एक वाटी उपडी झालेली दिसत होती.

"बघू शकते का त्यांना?"

"आत्ता?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाच्या अंथरुणावरची गोधडी ओढायला निघाले आहे. "झोपलेत ओ ते."

मी प्रश्नावली काढली. तो खुर्चीत बसला आणि इमानेइतबारे उत्तरं देऊ लागला. तिसऱ्या प्रश्नाला त्याची मान पुढे गेली. सातव्याला तो दचकून म्हणाला, "दोन नंबरला लागेल." मग डोळे चोळत म्हणाला, "गाडीचं म्हणत होतो. काय विचारलंत?"

"खाणं कोण देतं?"

"जो जागा असेल तो."

"म्हणजे ठरलेलं नाही."

"ठरलेलं कसं असणार? ती जागी असली तर ती, मी असलो तर मी."

'निश्चित व्यक्ती नाही', मी लिहिलं. 'पिंजऱ्यात सांडलेलं अन्न.' 'घरात उजेड नाही.' 'प्राणी दाखवण्यास तयार नाही.' तेवीसपैकी नऊ गुण झाले. निघताना तो म्हणाला, "चहा तरी घ्या की," आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं जाण्याऐवजी कपाटावर आपटला. मी नको म्हणाले.

त्यानंतर दोन आठवडे मी काहीच केलं नाही. म्हणजे मोजत राहिले. अकरा मिलिमीटर. चौदा. त्या शुक्रवारी गुलाबी त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढे दोन लाल ठिपके होते.

सोमवारी मी दुसऱ्या वर्षाच्या मुलींना नमुना कसा घ्यावा ते शिकवत होते. थुंकीचा नमुना पहाटेचा, पहिला. दुपारी घेतलेल्या नमुन्यात जंतू सापडले नाहीत म्हणून रोग नाही असं म्हणता येत नाही. तास संपल्यावर मालनताई फळा पुसायला आल्या.

"मिरजेचं काय झालं, मॅडम? तुम्ही काही बोललाच नाहीत."

मी सांगितलं. काळोख, भांडी, स्टेशनवर रात्रपाळी करून पेंगणारा नवरा, चादर.

त्यांचा हात फळ्यावर थांबला. "कितीला गेला होता तुम्ही?"

"बाराला."

"दुपारी बाराला? रात्रपाळीवाल्याच्या घरी?" त्या हसायला लागल्या. "माझ्या घरी रात्री दोनला या आणि म्हणा, बघा ही बाई, जेवण केलं नाही, अंगण झाडलं नाही, नुसती लोळतीय."

मी फळ्याकडे पाहिलं. 'नमुन्याची वेळ' एवढे दोन शब्द अजून पुसायचे राहिले होते. त्या हसत होत्या, पण मला हसू येईना. ही चूक मला दिसली नव्हती असं नाही. मला ती दिसायला नको होती.

त्याच संध्याकाळी मी मिरजेला फोन केला. या वेळी बाईंचा आवाज होता, ताजा, खणखणीत.

"मॅडम! मीच करणार होते तुम्हाला. तुम्ही घरी आलात आणि मी उठलेसुद्धा नाही. ह्यांनी काय सांगितलं असेल देव जाणे. झोपेत गाड्या सोडतात ते."

"चूक माझी होती, सिस्टर. मी नको त्या वेळी आले."

"मग आता बरोबर वेळेला या. गुरुवारी माझी सुट्टी आहे. अंधार पडला की या, साडेसातपर्यंत. आणि तिला घेऊन या."

"तिला?"

"हां. बोलणं तिच्याबद्दल आणि ती घरी, असं कसं?"

गुरुवारी दार पहिल्याच बेलला उघडलं. एस्तेर सिस्टर बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, चाळिशीच्या. त्यांच्या मागे तेच घर होतं आणि तेच नव्हतं. पडदे बाजूला सारलेले, ओटा स्वच्छ पुसलेला, मंद पिवळा दिवा. दानिएल टेबलाशी भाकरी खात बसला होता, कामावर जायच्या कपड्यांत, आणि त्याच्या डोक्यावर एक ग्लायडर बसून दोन्ही हातांनी पेरूचा तुकडा कुरतडत होता.

"या मॅडम," तो म्हणाला. "आज जागा आहे मी. विचारा काय विचारायचं ते. पंख्याला जाळी आहे. बारा वर्षांनी रिटायर होऊन हितंच बसलेलो असणार, आणि हा माझ्या टकलावर."

"टक्कल आत्ताच पडलंय," सिस्टर म्हणाल्या.

"ह्याच्या नखांनी पडलंय."

बाकीचे दोघे पिंजऱ्यात होते. सिस्टर त्यांना खाऊ घालायला निघाल्या आणि मी उभी राहून पाहू लागले. मला वाटलं होतं त्या वाटी भरून आत ठेवतील. तसं झालं नाही. त्यांनी तीन छोट्या झाकणांत खाणं वेगवेगळं काढलं. एकेकाला मनगटावर घेतलं, त्याचं झाकण त्याच्यापुढे धरलं, आणि तो खाईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.

"रोज असं?"

"सुरुवातीचं असं. मग उरलेलं वाटीत, रात्रभर चघळायला. हा बघा, हा ढोंगी आहे. तोंडात घेतो, चोखतो आणि टाकून देतो. समोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आणि ही," त्यांनी पिंजऱ्यातल्या ग्लायडरकडे बोट केलं, "ही स्वतःचं संपवून दुसऱ्याचं खाते. एकत्र वाटी ठेवली तर सकाळी वाटी रिकामी, आणि आपण म्हणणार, वा, सगळे जेवले."

मी खाली बसले.

सिस्टरांनी माझ्या गळ्यातली थैली काढून घेतली नाही. फक्त म्हणाल्या, "तिची थैली त्या खुंटीला अडकवा. त्यांच्या पिंजऱ्यापासून हातभर लांब. वास जाऊ दे तिकडे. जाळीला जाळी लागू द्यायची नाही पहिले काही दिवस, नाहीतर बोटं चावतात एकमेकांची."

मी थैली अडकवली. पाच-सहा मिनिटं काही झालं नाही. दानिएलनं पाणी प्यायलं. मग पिंजऱ्यातल्या एकानं हाक दिली. ते लहान कुत्र्याच्या पिल्लासारखं भुंकतात, एकेक, मधे अंतर ठेवून. थैलीचं कापड हललं. नाक बाहेर आलं, मग ते डोळे. आणि शेवरी भुंकली.

चार महिन्यांत मी तिचा आवाज ऐकला नव्हता. मला वाटत होतं ती शांत झाली आहे.

पिंजऱ्यातून उत्तर आलं. तिनं पुन्हा हाक दिली. सिस्टरांनी माझ्यापुढे चहा ठेवला, खुर्ची ओढली, एक वही उघडली आणि पेनचं टोपण काढलं.

"चला, ओव्हर द्या," त्या म्हणाल्या.

"काय द्या?"

"ओव्हर. आमच्यात पाळी बदलली की जाणारी सिस्टर येणारीला पेशंटपाशी उभं राहून सगळं सांगते. काय खाल्लं, काय दिलं, रात्री काय झालं, कशावर लक्ष ठेवायचं. त्याला ओव्हर म्हणतात. तो दिल्याशिवाय घरी जायचं नाही, आणि घेणारीनं मधे टोकायचं नाही."

"पण मी अजून ठरवलेलं नाही, सिस्टर."

"ठरवू नका की. ओव्हर द्यायला काय लागतं?"

मी सुरुवात केली. ते मला चांगलं जमण्यासारखं होतं. मादी, वय चार वर्षं दोन महिने, वजन एकशे चार ग्रॅम, गेल्या महिन्यात एकशे नऊ. नोंदणीचा कागद माझ्या नावावर. अंजीर आवडतं, पपई नाही. झुरळापेक्षा टोळ आवडतो. डाव्या पुढच्या पायाचं नख वेडंवाकडं वाढतं, दर तीन आठवड्यांनी कापावं लागतं. फोडणीच्या आवाजाला घाबरते. शेपटीचं सांगितलं, तारीखवार मापांसकट. सिस्टर लिहीत होत्या. ठरल्याप्रमाणे त्यांनी मधे टोकलं नाही.

"झालं," मी म्हटलं.

त्यांनी वहीवरून बोट फिरवलं. "आता मी विचारू? सोबतचा कशानं गेला?"

"कॅल्शियम कमी पडलं. मागचे पाय गेले."

"खाण्यात कॅल्शियम नव्हतं?"

"होतं. मोजून होतं."

"मग?"

दानिएल टोपी हातात घेऊन उठला होता. तो पुन्हा बसला.

हे मी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, मालनताईंना सांगितलं नव्हतं. माझ्या स्वतःच्या वहीतही ते लिहिलेलं नव्हतं.

"मी रोज रात्री साडेनऊला एका वाटीत छत्तीस ग्रॅम खाणं ठेवत होते," मी म्हटलं. "दोघांचं मिळून. सकाळी सहाला उरलेलं वजन करायचे. तेहतीस, चौतीस ग्रॅम संपलेलं असायचं. रोज. माझ्याकडे आठ महिन्यांचे आकडे आहेत. एकही दिवस चुकला नाही. आणि त्या आठ महिन्यांत मी त्यांना खाताना एकदाही पाहिलं नाही."

सिस्टरांनी लिहिणं थांबवलं.

"सगळं शेवरी खात होती. तिचं वजन वाढत होतं, मला वाटायचं वय वाढतंय. बोंड्या फळाचा रस तेवढा चाटत असावा. दिवसा दोघे थैलीत एकमेकांभोवती गुंडाळून झोपायचे, त्यात कोण हाडकुळं झालंय ते दिसायचं नाही. तो रात्री पाय ओढत चालत असणार, पाच-सहा रात्री तरी. मी शेजारच्या खोलीत झोपलेली होते. एक दिवस सकाळी तो पिंजऱ्याच्या तळाशी होता आणि त्याला वर चढता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, चार दिवस आधी आणला असता तर."

खुंटीवरून शेवरी एकदा भुंकली.

"बेरीज बरोबर होती," मी म्हटलं.

एस्तेर सिस्टरांनी वहीत एक ओळ लिहिली. मला वाटलं त्या मला धीर देतील, असं होतं कधीकधी, तुमचा काय दोष, असं काहीतरी म्हणतील. त्या म्हणाल्या, "म्हणजे ही दुसऱ्याचं खाते. हिला वेगळं झाकण लागेल."

"हो."

"हे सांगितलंत ते बरं केलंत. हे राहिलं असतं तर माझा एखादा उपाशी राहिला असता." त्यांनी पेनला टोपण लावलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझ्याकडूनही एक राहिलं होतं सांगायचं. सतरा वर्षांपूर्वी, पेशंटचं. तेव्हापासून मी ओव्हर घाईत देत नाही."

त्यांनी वही मिटली.

दानिएलनं घड्याळ पाहिलं. "एस्तेर, मी निघतो. आठ पन्नास झाले." दारापाशी जाऊन तो वळला. "मॅडम, मग काय म्हणता? आज ठेवताय तिला, का परत नेताय?"

"त्यांना घाई करू नका ओ," सिस्टर म्हणाल्या.

"घाई कुठं? मला पिंजरा माळ्यावरून काढून द्यायला लागेल, म्हणून विचारतोय. एस्तेरचा नाही पोचायचा हात तिथं."

"तुमच्या टकलापर्यंत पोचतो तेवढा पुरे."

तो हसला, पण दारातच उभा राहिला. सिस्टर माझ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव होता तो मी नंतर बऱ्याच वेळा आठवला आहे. त्या मला वाट काढून देत होत्या.

"असं करू या का मॅडम? आठवडाभर ठेवू. बघायचं म्हणून. रमली तर रमली. नाही वाटलं तर तुम्ही पुढच्या गुरुवारी या आणि घेऊन जा. मला राग येणार नाही."

ती वाट फार सोयीची होती. आठवडाभरात मी एक नवा तक्ता केला असता. पुढच्या गुरुवारी काहीतरी खटकलं असतं, एखादा पडदा, एखादी वाटी, तिचं अर्धा ग्रॅम कमी झालेलं वजन. थैली गळ्यात घालून मी मिरज-सांगली बसच्या खिडकीशी बसले असते, आणि मला पुन्हा हलकं वाटलं असतं. घरी पोचून मी साडेनऊला वाटी ठेवली असती आणि दहाला झोपले असते.

शेवरी थैलीतून पूर्ण बाहेर आली होती आणि खुंटीला मागच्या पायांनी धरून पिंजऱ्याच्या दिशेनं लांब झाली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिच्याकडे हात नेला नाही.

"चहा गार झाला तुमचा," सिस्टर म्हणाल्या. "दुसरा करते. तोवर विचार करा."

त्या उठल्या. मीही उठले.

"आठवडाभर नको, सिस्टर," मी म्हटलं. "दानिएल, पिंजरा काढा. ती इथेच राहणार आहे. मी तिला परत न्यायला येणार नाही."